उजव्या कानाचे उंदीर

विभागात तिला सगळे पाकीटबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. तिच्या प्रयोगशाळेत कुठलाही प्रयोग सुरू झाला की कुठल्या उंदराला खरं औषध टोचलं आणि कुठल्याला नुसतं मिठाचं पाणी, ही यादी एका जाड पाकिटात बंद व्हायची. त्यावर चिकटपट्टी, तारीख आणि तीन सह्या. पाकीट कार्यालयाच्या कपाटात, किल्ली कारकुनाकडे. शेवटच्या उंदराचं शेवटचं माप होईपर्यंत पाकीट उघडायचं नाही म्हणजे नाही. एकदा बाहेरून आलेले एक मोठे शास्त्रज्ञ गमतीत म्हणाले, "बाई, जरा डोकावून बघू की, आपलेच तर उंदीर आहेत." त्यानंतर ते होते तोवर पाकीटबाईने त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

"माणूस लबाड नसतो," ती म्हणायची. "डोळा लबाड असतो."

ही शिस्त तिला कुठल्या विद्यापीठाने लावली नव्हती. तिचे वडील शिंपी. घराची पुढची खोली हेच दुकान. माप घ्यायची त्यांची एक रीत होती. टेप लावणारा आकडा मोठ्याने सांगणार, लिहिणारा लिहिणार, आणि गिऱ्हाईक वीस वर्षांचं जुनं असलं तरी मापाची जुनी वही तेव्हा बंद. "जुनं माप बघून नवं घेतलं की टेप जुन्याच आकड्यावर थांबते," ते म्हणायचे. लिहायचं काम धाकट्या मुलीचं, म्हणजे हिचं. थोरला दादा काजं-बटणं करायचा.

वडिलांचे पाय चाळिशीत गेले. आधी चप्पल पायातून निसटायला लागली. मग पाऊल उचलायचं राहिलं आणि फरशीवर ते घासत चालल्याचा आवाज यायला लागला. शेवटी शिलाई मशीनच्या पायडलवर पाय ठेवले तरी ते हलेनात. एक डॉक्टर म्हणाले गुडघे, दुसरे म्हणाले अशक्तपणा. मग नऊ वर्षांची मुलगी मशीनच्या खाली बसून दोन्ही हातांनी पायडल दाबायला लागली आणि वर वडील कापड सरकवायला लागले. "हळू. आता पळव. थांब." अशी दोन वर्षं तिने लोकांचे शर्ट शिवले. त्या दोन वर्षांत एकच प्रश्न तिच्या डोक्यात घर करून बसला: हात इतके चांगले, मग पायच का?

उत्तर मिळायला वीस वर्षं गेली, आणि ते मिळालं तेव्हा वडील नव्हते. पाठीच्या कण्यातून पावलापर्यंत जाणारी नस हा एकेका पेशीचा लांबच लांब धागा असतो. पेशीचं सामान कण्यात तयार होतं आणि तिथून धाग्याच्या टोकापर्यंत वाहून न्यावं लागतं. त्यांच्या घराण्यातल्या एका जनुकात एक अक्षर चुकलं होतं. त्या चुकीमुळे एक चिकट प्रथिन बनायचं आणि वाटेतच साचायचं. पायाचा धागा सगळ्यात लांब, म्हणून पाय आधी. त्याच्यामागे नंबर हातांचा. वडिलांचे हात शेवटपर्यंत राहिले ते एवढ्याचमुळे, की दुसऱ्याच एका दुखण्याने त्यांना आधी नेलं.

चुकलेलं जनुक दादाकडे आलं, तिच्याकडे आलं नाही. छापा-काट्यात जेवढा न्याय असतो तेवढाच यात होता. दादाचा आजार सौम्य निघाला. घोट्यापर्यंतचे कडक बूट घालून तो चालायचा, जिन्यात कठडा धरायचा, आणि वडिलांच्याच मशीनला मोटर लावून दुकान चालवायचा. बहिणीचे प्रयोगशाळेतले पांढरे कोट तोच शिवायचा. डाव्या छातीवर एक अरुंद खिसा खास तिच्या स्टॉपवॉचसाठी. आपल्याला काहीच झालं नाही याची तिला लाज वाटायची. सुदृढ असण्याची लाज वाटणारी माणसं कमी असतात, ती त्यातली एक.

मग दादाला मुलगी झाली. दहाव्या महिन्यात ती चालली आणि चालली ती थांबेचना. वहिनीने तिचं नाव भिंगरी पाडलं. चार वर्षांची असताना भिंगरी सपाट जमिनीवर अडखळायला लागली. वहिनी म्हणाली, धांदरट आहे. दादाने मात्र फरशीवर पाऊल घासल्याचा तो आवाज ओळखला होता.

तोवर पाकीटबाईचं औषध आकाराला आलं होतं. एका निरुपद्रवी विषाणूच्या आतलं सगळं काढून टाकायचं, त्यात चुकलेल्या जनुकाचं तोंड बंद करणारा एक छोटा संदेश भरायचा आणि कण्याच्या पाण्यात सुईने सोडायचा. विषाणू नसांपर्यंत तो संदेश पोचवतो. ऐकायला सोपं, करायला अकरा वर्षं. यात दोन अडचणी होत्या. एक, मेलेली नस परत उगवत नाही, त्यामुळे मूल चालतं असतानाच औषध द्यायला हवं. दुसरी त्याहून कठीण. एकदा दिलं की शरीर त्या विषाणूला ओळखायला शिकतं आणि दुसऱ्यांदा त्याला दारातच अडवतं. म्हणजे एका मुलाला आयुष्यात एकच सुई. भिंगरी चालती आहे तोवर ती सुई तिला मिळावी, एवढंच पाकीटबाईला हवं होतं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही आणि विभागातल्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ते माहीत होतं.

आधी उंदरांवर. तोच आजार असलेल्या उंदरांना एका फिरत्या दांडीवर ठेवायचं. दांडी हळूहळू वेग घेते, उंदीर चालत राहतो, पडला की घड्याळ थांबवायचं. पण उंदीर हा प्राणी आपल्याला वाटतो त्यापेक्षा चतुर. पाय थकले की काही उंदीर चालायचं सोडून चारी पायांनी दांडीला मिठी मारतात आणि तिच्यासोबत गोल फिरून येतात. म्हणून नियम असा: मिठी मारून एक पूर्ण फेरा झाला की उंदीर पडला असंच धरायचं. ही मिठी ओळखायला तयार नजर लागते, आणि ती नजर विभागात पाकीटबाईइतकी कुणाची नव्हती.

भिंगरीला हा खेळ फार आवडायचा. रविवारी आत्या घरी आली की ती सतरंजीच्या कडेवरून हात पसरून चालायची. "मी उंदीर. तू घड्याळ लाव." तोल गेला की ती हळूच कपाटाला हात लावायची.

"धरलं की पडलं," आत्या म्हणायची.

"जरासंच धरलं."

"जरासं धरलं की जरासं नाही, पूर्ण पडलं."

आधी बारा उंदरांवर चाचणी झाली आणि पाकीट उघडलं. फरक दिसला. मग अठ्ठेचाळीस उंदरांचा मोठा प्रयोग झाला. तीन सह्या, कारकुनाची किल्ली, सगळं यथासांग. शेवटी पाकीट उघडलं तेव्हा औषधवाले उंदीर दांडीवर सरासरी चाळीस सेकंद जास्त टिकलेले निघाले. विभागात पेढे वाटायचेच काय ते राहिले. सर, म्हणजे विभागप्रमुख, कधी कुणाचं कौतुक करत नसत, त्यांनी तिच्या खोलीत येऊन नुसतं "चाळीस" एवढंच म्हटलं आणि हसत निघून गेले. त्याच मात्रेच्या हिशोबाने मुलांवरच्या चाचणीचा अर्ज तयार झाला. भिंगरी तेव्हा सहा वर्षांची होती आणि अजून शाळेत पळत जात होती.

अर्जासोबत दांडीवरच्या उंदरांच्या दोन-तीन चित्रफिती जोडायच्या होत्या. चित्रण सहायिकेने नियमाप्रमाणे केलेलं होतं, पण ते बघत बसायला कुणाला सवड होती? चांगली चित्रफीत निवडायला म्हणून पाकीटबाई एका दुपारी बसली. एका उंदराने दांडीला मिठी मारली आणि आरामात एक फेरा घेतला. तिने आपला तक्ता बघितला. तिथे तो पडल्याची नोंद नव्हती, पुढचे पन्नास सेकंद त्याच्या नावावर जमा होते. चुकलं असेल एखादं, असं म्हणून तिने दुसरी लावली. या उंदराचीही तशीच मिठी, तसाच फेरा. तक्त्यात मात्र बासष्टाव्या सेकंदाला तिच्याच अक्षरात "पडला".

तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी थांबवून ठेवली आणि बराच वेळ बघत बसली. तेव्हा तिला कान दिसले. ओळखीसाठी उंदरांच्या कानाला बारीक भोक पाडतात. पहिल्याच्या उजव्या कानाला भोक होतं, दुसऱ्याच्या डाव्या.

तिने सहायिकेला बोलावलं. "कानाची भोकं कशी पाडलीस?"

"नेहमीसारखी," सहायिका म्हणाली. "ज्यांना औषध टोचलं त्यांच्या उजव्या, बाकीच्यांच्या डाव्या. टोचताना माझा गोंधळ नको म्हणून. मागच्या बारांच्या वेळीही तसंच केलं होतं."

मागच्या बारांचं पाकीट उघडलं तेव्हा पाकीटबाईने यादी आणि उंदीर दोन्ही बघितले होते. उजवा कान म्हणजे औषध, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पण डोळा शिकून बसला होता. पाकीट कपाटात सुरक्षित होतं आणि त्यातली यादी उंदरांच्या कानावर लटकत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढचे तीन दिवस तिने सगळी चित्रणं बघितली. उजव्या कानाच्या उंदरांनी एकतीस वेळा मिठी मारून फेरा घेतला होता. त्यातल्या चारच तिने पडणं म्हणून धरल्या होत्या. डाव्या कानाच्यांनी एकोणतीस वेळा, आणि त्यातल्या सव्वीस धरल्या होत्या. मग तिने चित्रांतले कान काळ्या पट्टीने झाकून घेतले आणि शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईला, कशासाठी ते न सांगता, नव्याने वेळा काढायला दिल्या. चाळीस सेकंदांचे अकरा झाले. त्या मात्रेत औषध जेमतेम काही करत होतं.

तिला रडू आलं नाही. तिला आठवलं ते एवढंच, की दर वेळी उजव्या कानाचा उंदीर लटपटला की तिच्या मनात भिंगरी यायची. चल, अजून थोडं, असं तिला वाटायचं. तिने त्या उंदरांवर माया केली होती आणि मायेने सगळा प्रयोग खाल्ला होता.

सरांनी कागद दोनदा वाचले. "हे अजून कुणाला माहीत आहे?"

"मला."

"कुणी शोधून काढलं असतं?"

"नाही."

सरांनी कागद नीट जुळवून ठेवले. ते वाईट गृहस्थ नव्हते. "मग उरलेला मार्ग मोठ्या मात्रेचा," ते शेवटी म्हणाले. "नवे उंदीर, मोठी मात्रा, तिची सुरक्षितता. दोन वर्षं तरी. तुमच्या भाचीचं काय?"

"तेच तर," पाकीटबाई म्हणाली.

दादाला सांगायला ती दुकानात गेली. तो एका कोटाची बाही उसवत बसला होता. तिने काही लपवलं नाही, उंदरांचे कानसुद्धा सांगितले. तो ऐकत होता आणि उसवत होता.

"तू गप्प बसली असतीस तर?" त्याने विचारलं.

"तर तिला कमी मात्रेची सुई मिळाली असती. काही उपयोग झाला नसता, आणि मग मोठ्या मात्रेचं औषध आलं तरी तिला कधीच घेता आलं नसतं. एकच सुई, दादा."

"ते कळलं मला." त्याने कात्री खाली ठेवली. "गप्प बसायला हवं होतंस असं मी म्हणतच नाही. मी म्हणतोय, तू पहिल्यांदाच नीट का बघितलं नाहीस? मोठी मात्रा तेव्हाच कळली असती. दोन वर्षं तू आत्ता नाही घालवलीस. तेव्हाच घालवलीस."

त्याचं बरोबर होतं. खरं सांगितलं म्हणून झालेली चूक पुसली जात नाही, हे तिला कळत होतं. तरी दादा हे तोंडावर म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं. ती उठली तेव्हा त्याने मान वर केली नाही. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षं त्याने तिच्यासाठी कोट शिवला नाही आणि तिने मागितला नाही. जुन्या कोटाच्या बाह्या झिजून दोरे लोंबायला लागले, ते ती कात्रीने कापत राहिली.

नव्या प्रयोगात सगळ्या उंदरांना दोन्ही कानांना भोकं होती आणि ती पाडणारी व्यक्ती दुसऱ्या इमारतीतली होती. पाकीटबाईने एकाही उंदराची वेळ घेतली नाही. दांडीच्या खोलीत ती पाऊलही ठेवत नसे. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि हिने तर पेलाच दुसऱ्याच्या हातात दिला. दीड वर्षाने पाकीट उघडलं. मोठ्या मात्रेचे उंदीर सरासरी बावन्न सेकंद जास्त टिकले होते. या वेळी तिने कुणालाही हसू दिलं नाही. सगळी मापं आधी दुसऱ्या शहरातल्या दोघांकडून तपासून घेतली.

अर्ज मंजूर झाला. सात मुलं घ्यायची होती. अट तिनेच लिहिलेली: मूल आधाराशिवाय दहा मीटर चालायला हवं. तीन वेळा चालून बघायचं, तीनपैकी एकदा जमलं तरी पुरे. मधे कशाला धरलं तर ती खेप बाद. आणि औषध बनवणाऱ्यांपैकी कुणी निवडीच्या खोलीत असता कामा नये. हीसुद्धा तिचीच अट.

भिंगरी साडेआठ वर्षांची झाली होती. शाळेत पळत जाणं थांबून वर्ष झालं होतं. दादा तिला घेऊन आला, बहिणीकडे बघून नुसती मान हलवली आणि दोघं आत गेली. पाकीटबाई बाहेरच्या बाकावर बसली. पण दाराला काच होती आणि बाकावर बसून राहणं तिला जमलं नाही.

जमिनीवर निळ्या चिकटपट्टीची रेघ होती. एका बाजूला भिंत. फिजिओथेरपिस्ट बाई घड्याळ घेऊन पुढच्या टोकाला उभ्या होत्या, त्यांची नजर भिंगरीच्या पावलांवर. भिंगरी निघाली. प्रत्येक पाऊल गुडघ्यातून उंच उचलून ती टाकत होती. पाच मीटर, सहा, सात. तिथे तोल गेला आणि तिने डाव्या हाताचं एक बोट भिंतीला टेकलं. क्षणभरच. मग ती शेवटपर्यंत चालत गेली. बाईंनी घड्याळ थांबवलं आणि आकडा लिहायला पेन उचललं. त्यांनी बोट बघितलं नव्हतं.

दादाने बघितलं होतं. तो भिंतीलगतच्या खुर्चीवर बसला होता, आणि त्याने मान खाली घातली. काचेबाहेर पाकीटबाईनेही बघितलं होतं. तिचा हात दाराच्या मुठीवर गेला आणि तिथेच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तिला मनापासून वाटलं, की कुणी काही बोलू नये. आपणसुद्धा.

"मी भिंत धरली," भिंगरी म्हणाली.

बाई थांबल्या. "कधी?"

"मधे. एका बोटाने." तिने बोट दाखवलं. "जरासं धरलं तरी पडलंच."

बाईंनी आकडा खोडला आणि तिला थोडी विश्रांती घ्यायला सांगितली. दुसऱ्या खेपेला तिने सहाव्या मीटरवर भिंत धरली. तिसऱ्या खेपेला पाचव्या. पाय दमले होते.

सात मुलं निवडली गेली, त्यात भिंगरी नव्हती. वर्षभरात त्यातल्या पाच जणांच्या पायांचं बिघडणं जिथल्या तिथे थांबलं, आणि एक मुलगी जिना चढायला लागली. वर्तमानपत्रात बातमी आली. पाकीटबाईने ती घडी घालून टेबलाच्या खणात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नव्या चाचणीचा आराखडा लिहायला घेतला. पाय गेलेल्या पण हात अजून चांगले असलेल्या मुलांसाठी. भिंगरीची एक सुई अजून शिल्लक होती.

एका रविवारी ती दादाकडे गेली. भिंगरी चाकांच्या खुर्चीत बसून अभ्यास करत होती. दादाने बहिणीच्या बाह्यांकडे बघितलं, लोंबणाऱ्या दोऱ्यांकडे बघितलं.

"हा कोट घालून तू लोकांसमोर जातेस?"

"जाते."

"माझी लाज काढतेस." तो खुंटीवरची टेप घेऊन आला. "उभी राहा. सरळ."

ती उभी राहिली. तिला एकदम बरं वाटलं.

"भिंगरे, वही घे. लिही."

"जुनं माप काढू?" भिंगरीने विचारलं.

"नको. कोरं पान घे." त्याने टेप खांद्यावरून ताणली. "खांदा साडेपंधरा."

"साडेपंधरा."

"छाती चौतीस. बारीक झालीस गं तू. हे नको लिहू, चौतीस लिही. बाही बावीस."

दादा आकडे सांगत होता, मुलगी ते पुन्हा म्हणून लिहीत होती. कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. पाकीटबाईला फक्त मान वळवायची होती. पेन्सिल अंगठा आणि बोटात नीट धरलीय, की मुठीत घ्यायला लागलीय? अक्षर रेघेवर आहे, की खाली उतरतंय? तिच्याइतकी तयार नजर दुसऱ्या कुणाची नव्हती. एका नजरेत कळलं असतं.

"हात वर कर," दादा म्हणाला.

तिने हात वर केले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंगरीचा हात मोजायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी होतं.